लॅब तीन, हिंगणा रोड

पोफळी मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला
फळ्यावर कुत्रा काढतात.
कुत्रा म्हणजे एक चौकोन, आत तीन ओळी:
नाव, वय, भुंकणे.
मागच्या बाकावरून दर वर्षी कोणीतरी म्हणतंच,
"मॅडम, एप्रिलात नागपूरचा कुत्रा भुंकत नाही,
तो नालीत पडून राहते."

अकरा वर्षं मी हा कुत्रा ऐकतो आहे.
माझं काम कूलरचं. बादली, पाइप,
दर मार्चला नवं गवत.
अठ्ठावीस मशीन, त्यातल्या सव्वीस चालू,
आणि दारापाशी माझी खुर्ची.
तिथं बसलं की शिकवलेलं आपोआप अंगावर येतं,
कूलरसमोर बसलं की शर्ट ओला होतो, तसं.

क्लास म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा आराखडा.
हे मला जड गेलं नाही.
थोरला भाऊ कॉटन मार्केटमागं कूलरच्या बॉड्या ठोकतो.
पत्र्यावर खिळ्यानं ओढलेलं एकच माप,
त्यातून उन्हाळ्याला दोनशे निघतात.
मापाला गंज चढत नाही.
गंज चढतो त्या एकाला,
जो गणेशपेठेत तिसऱ्या माळ्यावर गेला
आणि ज्याच्या टाकीत पाणी तसंच ठेवून
घरचे लोक लग्नाला निघून गेले.

प्रायव्हेट मात्र उशिरा कळलं.
पोरं म्हणतात, "काहून लपवाचं? आपलाच तं प्रोग्राम आहे!"
मॅडम म्हणतात, बाहेरच्यानं आत हात घालू नये.
बटण दिलंय, बटण दाबा.
मी चालू कूलरच्या आत हात घालून पाहिला आहे.
डाव्या तर्जनीला अजून खूण आहे.

मधल्या रांगेत प्रणोती निखारे बसते.
पाचपावलीहून दोन बस बदलून येते,
ओढणीनं की-बोर्ड पुसते, मग एकेक अक्षर शोधते.
काल तिच्या पडद्यावर लाल ओळी आल्या.
नल पॉइंटर.
"नाव तं दिलं ना बापा," ती पुटपुटली.
मॅडम दुसऱ्या टोकाला होत्या.
मी बादली खाली ठेवली.
म्हटलं, "पोरी, तू नुसती हजेरी घेऊन राहिली.
नाव पुकारलं, पण बाकावर कोणी बसलंच नाही.
आधी कोणाले तरी बसव."
तिनं माझ्याकडं पाहिलं, मग बादलीकडं,
मग हळूच 'न्यू' टाइप केलं.
लाल ओळी गेल्या.
तिनं आभार मानले नाहीत. बरं झालं.
मानले असते तर मॅडमना ऐकू गेलं असतं.

शेवटच्या तासाला मॅडम सांगतात:
ज्या वस्तूचा धागा कोणाच्याच हातात उरला नाही,
तिला मशीन स्वतःच उचलून नेते.
विचारत नाही, आवाज करत नाही.
जागा मोकळी होते.
पाच मार्कांचं आहे म्हणून पोरं लिहून घेतात.

मग मे महिना. लॅब रिकामी.
मी कूलरचं पाणी काढतो, शेवाळ धरायच्या आत,
आणि टेबलांखाली झाडू मारतो.
संत्र्याच्या वाळलेल्या साली,
एका कानातलं,
बसचा पास,
मिशी न फुटलेल्या पोराचं हॉल तिकीट.
साली फेकतो.
बाकीचं बिस्किटाच्या डब्यात, डबा खुर्चीखाली.
अकरा वर्षांत मागायला आले तिघं,
त्यातला एक दुसऱ्याचीच छत्री घेऊन गेला.

डब्यात तळाशी एक पेन ड्राइव्ह आहे.
चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहिलंय:
रूपेशचा. हात लावू नये.
रूपेश कोण, कोणत्या बॅचचा, आठवत नाही.
दर उन्हाळ्यात तो काढतो, पुसतो, परत ठेवतो.
दोन पावलांवर सव्वीस मशीन आहेत.
आत काय आहे, पाहिलेलं नाही.