फाउंडेशनचे बुश

चाळीसच्या वर काटा गेला की
आरशात मागची बस दोन व्हायची.
दोन बस, दोन ड्रायव्हर, दोघंही हॉर्न दाबून,
आणि मानेवाडा रिंग रोडवर मी,
बोटांच्या टोकांना मुंग्या घेऊन.

बँकेत सही दुसऱ्याच कुणाची तरी उमटायची.
काउंटरवरची म्हणाली, तुमचीच का?
म्हटलं, गाडी बाहेर उभी आहे, तिला विचारा.

दोन महिने मी भलतीकडे पैसे घातले.
हँडलचे वजनदार टोकन, जेलचे ग्रिप,
नवा कार्बोरेटर, एक महागडं ऑइल.
गोळीबार चौकातल्या इंद्रपाल नंदनवारनं
गाडी मधल्या स्टँडवर घेतली, म्हणाला, रेस द्या.
"हे पहा ताई. फ्रेम आपल्या जागी हाय,
इंजिनच एकटं नाचून राहिलं.
फाउंडेशनचे बुश गेले."

त्याच्या घरात चार माग होते.
बाप झोपेतून उठून सांगे, तिसऱ्याचा खटका बिघडला.
माग विकले तेव्हा
घर पहिल्यांदा गप झालं
आणि महिनाभर कुणाला झोप लागली नाही.
हे त्यानं नट सोडवता सोडवता सांगितलं.
नट काही सुटत नव्हता.
मे महिना. पाना उन्हात राहिलेला,
फडक्यात गुंडाळून धरायचा.
कूलरची हवा आमच्यापर्यंत येता येता
वाटेतच तापत होती.
डिझेल ओतलं, चहा आला, चहा संपला,
मग इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सरकवून
त्यानं बोल्टाला हातोडीनं एकदाच, मायेनं म्हणावं तसं, मारलं.

बुश तळहातावर आला.
गोल होता कधीकाळी, आता लंबगोल.
पस्तीस वर्षं एकाच बाजूनं भार सोसलेला:
इकडे दगड, तिकडे काकवीसारखा चिकट.
"रबर एकदम मरत नाई.
आधी कडक होते. मंग तडकते."

कंपनीचे आता मिळत नाहीत.
हिंगण्याच्या एमआयडीसीत एक जण लेथवर काढून देतो
पॉलियुरेथेनचे, संत्रा बर्फीच्या रंगाचे.
मी म्हटलं, चारही तेच टाका, एकदाचं संपू दे.
त्यानं मान हलवली.
"चारही कडक टाकले तं इंजिन गप बसन,
पण थरथर जाईन कुठं? तुमच्या हाडात.
पुढं कडक देतो, मागं नरम.
कोणाले तरी थोडं दबावं लागते ना."

संध्याकाळी चकरेवर निघाले.
उभ्या गाडीत कंप उलट वाढला होता,
सिग्नलला गुडघ्याशी काहीतरी गुणगुणत राहिलं.
पण पंचेचाळीसला सगळं स्थिर.
आरशात एकच बस. नंबरसुद्धा वाचता आला.
ड्रायव्हर जांभई देत होता.

घरी जेवायला मी मधे बसते.
डावीकडे अप्पा, उजवीकडे हेमंत.
त्याला सांग, बिल आलंय.
त्यांना सांग, भरलंय.
तीन वर्षं.
आवाज माझ्यातून जातात
आणि पलीकडे जरा मऊ होऊन पोचतात.

जुना बुश पर्समध्येच राहिला होता.
भाजी वाढताना किल्ल्यांसोबत बाहेर आला,
ओट्यावर ठेवला, हात धुतले,
वास काही जात नव्हता.

मग माझं ताट उचललं
आणि खिडकीपाशी जाऊन बसले.
का, ते कुणी विचारलं नाही.

मधली जागा रिकामी.
इंद्रपाल म्हणाला होता,
पाचशे किलोमीटरनंतर परत आणा,
नवं बसायले टाइम घेते, नट पुन्हा आवळावे लागतात.

मीठ हेमंतकडे होतं.
अप्पांनी वरणाचा घास घेतला,
थांबले,
माझ्याकडे पाहिलं.
मी भाकरी मोडत राहिले.