रोल उलटा

ग्रिम्सबी, सकाळचे सव्वासहा. शटर अजून अर्ध्यावर,
आणि प्रिंटर सर्र सर्र कोराच कागद ओकतोय.
डेरिक म्हणतो, शाई संपली असेल.
शाई नसतेच यात, बाबा. नुसती धग.

कागदावर नख ओढलं.
काळी रेघ उठली ती बाजू हेडकडे हवी.
उलटा बसवलेला. काल रात्री. मीच.
हात लागलाच आहे तर
स्पिरिटचा बोळा हेडवरून फिरवला,
तापल्या पोराचं कपाळ पुसावं तसा.
झाकण. खट्.

पहिली पावती मिसेस ब्लँचर्डची :
दूध, एक ब्रेड, मांजराचं खाणं.
घडी घालून ती चष्म्याच्या डबीत जाते,
जिथं जुन्या पंधरा-वीस, उडून पांढऱ्या झालेल्या.
त्यातलीच एक उजेडाला धरून
त्या वाचतात :
दोन ब्रेड.
तेव्हा दोन लागायचे.