हजेरीपट

तिघऱ्याच्या रस्त्यावर, बाभळी संपल्या की डावीकडे
जे हिरवं पाणी दिसतं
ती आमची खाण.

अडुसष्ट साली तिथे नुसती टेकडी,
आणि टेकडीवर बोरं वेचणारा सिरनाम.
ठेकेदाराने त्यालाच विचारलं, दगड कुठला चांगला?
त्याने टाचेने दाखवलं.
वहीत पहिलं नाव त्याचं.
लिहिणारा मी, लश्करातून सायकलवर येणारा
मराठी कारकून, हिशेबाला पक्का म्हणून ठेवलेला.

वरचा थर उचलला तर खाली लाटा.
दगडातल्या, बोटाबोटाच्या अंतरावर,
ओहोटी नुकतीच गेल्यासारख्या.
आमचं मूळ गाव देवरुखाकडचं, असं ऐकून होतो;
समुद्र पाहिला तो इथे, ग्वाल्हेरला.
ठेकेदार म्हणाला, खरबरीत आहे, घासून घ्या.

पाचरी ओळीने बसवायच्या, घण हलका,
मग थांबायचं.
सिरनाम दगडाला कान लावी.
‘बोला,’ म्हणे.
त्याच्या बोलीत त्याचा अर्थ, बोलला.
मला कितीतरी दिवस वाटे
हा दगडाची विनवणी करतोय.
आणि दार उघडावं तशी फरशी सुटे.

किती स्टेशनं, किती जिने, माझं स्वैपाकघरसुद्धा.

खोकला कधी सुरू झाला ते वहीत नाही.
वहीत फक्त गैरहजर.
दवाखान्याच्या चिठ्ठीवर टीबी लिहून येई,
औषधाला न जुमानणारा टीबी.
धुळीचं नाव कुणी घेत नसे,
तिची भरपाई द्यावी लागते.
मीही घेतलं नाही.
‘रजा, बिनपगारी’, वळणदार अक्षरात.
सिरनामच्या जागी घनसू,
घनसूच्या जागी त्याची बायको भग्गो.

दोन हजार तीनमध्ये जंगल खात्याची नोटीस आली.
कंप्रेसर भंगारात, फाटकाला लाखेची मोहोर.
मी हत्यारं मोजून घेतली.
घण एकतीस हवेत. तीस.
भग्गो म्हणाली, दांडा त्याच्याबरोबर जाळला,
लोखंड घरी आहे, हवं तर आणते.
मी एकतीस लिहिले.
पस्तीस वर्षांत एवढी एकच खोटी नोंद,
असं मी पुष्कळ दिवस सांगत असे.

आता नाही सांगत.

ज्येष्ठात पाणी उतरलं की लाटा उघड्या पडतात.
नातू स्कूटरवरून सोडतो, लांब उभा राहतो.
मी गुडघे टेकतो, कान लावतो,
आणि म्हणतो, बोला.
मराठीत.