फुटला नाही तर बाद नाही

शनिवारी उजाडायच्या आत मी हवेच्या टाक्या भरतो.
फाटकावरची पाटी व्हर्नाने पुन्हा रंगवली आहे:
वाढदिवस, ऑफिसच्या सहली, चर्चची तरुण मंडळी.
सगळ्यात खालची ओळ तिने खरवडून टाकली,
पण ऊन तिरपं आलं की अजून वाचता येते:
'संघांसाठी सामने, दर रविवारी.'

लायमाच्या बाहेर, ओहायोत,
सोयाबीनच्या दोन शेतांमधली ही पट्टी.
एके काळी इथे तेहतीस संघ उतरायचे,
इंडियानाहून रात्रभर गाडी हाकत,
आणि रंगाच्या गोळ्यांची खोकी
आम्ही किराण्यासारखी मोजायचो.
आमच्या संघाचं नाव 'बगळे'.
हवा भरलेल्या अडोशांमागे आम्ही पाच जण,
एका पायावर, श्वास धरून.

मग पिस्टनचा कारखाना बंद पडला.
ऑरिनने आपली बंदूक विकली,
त्या पैशांत ट्रकचा गिअरबॉक्स आला.
डेल्बर्ट म्हणाला, एका रविवारी मी जेवढा रंग उडवतो
तेवढ्यात माझं आख्खं घर रंगवून होईल.
आम्ही हसलो.
पुढच्या रविवारी तो आला नाही.

संघ असे मोडतात.
भांडण नाही, निरोप नाही,
एक जण कमी, मग दोन,
मग उरलेले तिघे पार्किंगमध्ये सँडविच खात बसलेले.

लांब सापासारखा तो अडोसा
आता कोठारात घडी घालून पडलाय.
उंदरांनी त्याला भोकं पाडलीत.
जंगलात मात्र प्लायवुडचा किल्ला उभा आहे,
त्यावर कुणीतरी चोच असलेला ड्रॅगन काढलाय.
मुलांसाठी गोळ्या लहान, मार हलका.
ऑफिसची माणसं गोळी लागली की खदाखदा हसतात,
साहेबाला गोळी लागली की जास्तच.
पूर्वी लिंबूटिंबूंना आम्ही कुंपणाबाहेर ठेवायचो.
आज हे कुंपण उभं आहे ते लिंबूटिंबूंच्याच पैशावर,
आणि माझा पगारही.

टोलीडोच्या अंतिम सामन्यात
मला कमरेवर गोळी लागली होती.
पिवळी. फुटलेली.
पळता पळता मी हातमोज्याने पुसली.
पंच दुसरीकडे बघत होता.
आम्ही एका गुणाने जिंकलो.
तो चषक आता दुकानात आहे,
त्यात रबराच्या चकत्या ठेवतो.
ऑरिनला मी सांगितलं नाही, अजून नाही.
रडीचा डाव, दुसरं काय.
पण तेव्हा सगळेच पुसत होते, असं मी म्हणतो,
आणि तसं नव्हतंही.

आज जुनिपर नावाच्या मुलीचा दहावा वाढदिवस.
खांद्यावर गोळी आपटली, उडाली,
गवतात जशीच्या तशी पडली.
तिने हात वर केला.
मी धावत गेलो, नियम सांगितला:
गोळी फुटली नाही तर बाद नाही, खेळ तू.
मुखवट्याच्या आतून ती म्हणाली,
"पण लागली ना."
आणि बंदुकीच्या तोंडावर पिशवी चढवून
बाकापाशी गेली, केक कापायच्या आधीच
तिने बोटाने थोडं क्रीम चाटलं.

गोळी मी उचलली. का, ते माहीत नाही.
दुपारभर खिशात होती.
संध्याकाळी ट्रकमध्ये बसताना ती फुटली,
पँटवर पिवळा ओघळ आला.
इंजिन चालू ठेवून मी बराच वेळ नुसता बसलो.
झाडांखाली रॅकून आले होते,
दिवसभराचा सांडलेला रंग चाटत.
कोणाचा, कोणत्या खेळातला,
त्यांना काय त्याचं.

व्हर्नाने काचेवर टकटक केली.
तिच्या हातात उद्याची यादी होती:
दहा वाजता अकरा मुलं, नऊ वर्षांची,
त्यातला एक आवाजाला घाबरतो,
त्याला आधी मोकळी बंदूक वाजवून दाखव.
माझ्या पँटकडे तिने पाहिलं.
"लागली वाटतं," म्हणाली,
आणि दिवे घालवायला गेली.