आवाज न करणाऱ्या मुंडावळ्या

माझ्याकडे कपाळांची वही आहे.
जुनी हजेरीवही, कारखाना बंद पडला तेव्हा
मुकादमानं रद्दीत टाकलेली.
जिथं कांडीवाल्या बायकांच्या खाड्यांच्या फुल्या होत्या
तिथं आता: रुंदी साडेपाच. कानापासून कानापर्यंत अकरा.
उजवी भुवई जरा वर. घाम फार, डिंक नको.

लोक म्हणतात, सटवाई पाचवीला येऊन लिहून जाते.
जात असेल.
टेप माझी आहे.

साखर पेठेत, पिठाच्या गिरणीवरची खोली.
खाली ज्वारी दळतात, आणि वाळत घातलेल्या
भेंडाच्या पाकळ्यांवर रात्रीतून पीठ बसतं.
फुंकर मारली तर दोन्ही उडतात,
म्हणून ओल्या बोटानं टिपते, एकेक.

तुमच्यात बाशिंग, आमच्या तेलुगूत बासिकम्,
मागच्या गल्लीत सेहरा.
मी तिघांचं करते, आणि कुणाचंच नाही असंही.
काशव्वाच्या नातीला तेंदूच्या पानांचं केलं,
विड्या वळूनच म्हातारीनं तिची फी भरली होती.
नवरा अख्ख्या लग्नात शिंकत राहिला.
एका नवरदेवाला जोंधळ्याच्या कणसाचा तुरा;
उतरताना घोडीनं अर्धा खाल्ला.
वहीत लिहिलंय: कणीस. घोडी असेल तर नाही.

मार्गशीर्षात सुकन्या मेरगू आली.
कानामागं वाटाण्याएवढं मशीन.
"मावशी, मोती याच्यावर आपटला की
माझ्या डोक्यात लूम सुरू होतो.
मला 'सावधान' ऐकायचंय.
बाकी कसंही करा."
बाप, नरसय्या, जिन्यातच बसला होता.
बत्तीस वर्षं चार-चार माग.
"चहा घेणार का?" मी विचारलं.
"चादरीला आता काय भाव राहिलाय," तो ओरडून म्हणाला.

मोती गेले. काचमणी गेले.
जर कुजबुजते, हे मला तेव्हा कळलं.
चमकी तर भांडतेच.
आठ रात्री, गिरणी थांबल्यावर,
लग्नाचं सगळं सामान
मी कानाशी धरून हलवत बसले.
शेवटी टॉवेलच्या किनारीचं सूत सापडलं,
परत आलेल्या मालातलं, सैल पिळाचं.
त्याचे मोत्याएवढे गोंडे, हळदीत बुडवलेले;
त्यातलेच काही चुन्याच्या पाण्यात टाकले
आणि कुंकू झालं.
डावीकडं नऊ पदर, उजवीकडं पाचच,
उजव्या कानाला वाट हवी.
माथा मोकळा: जिरं-गुळाचा हात तिथं येतो.

मग स्वतःच बांधून मान हलवली.
पण मीही बावीस वर्षं कांड्या भरल्यात,
माझ्या कानांची साक्ष कोण धरणार?
गिरणीवाल्याच्या पोराला वर बोलावलं.
जवळ ये. काही ऐकू येतंय?
"तुम्ही श्वास घेताय," तो म्हणाला.
तेवढं चालतं.

लग्नाला मी जात नाही.
तिरकं बसलेलं बाशिंग मला बघवत नाही,
आणि भर मांडवात उठून सरळ करता येत नाही.

सोळाव्या दिवशी सुकन्या पेढे घेऊन आली.
"मावशी, सावधान ऐकलं. दर वेळचं.
आत्याबाई मागं काय पुटपुटल्या, तेही."
हसली. पेढ्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.
"अक्षता टाकताना अप्पांनी माझं नाव घेतलं.
केवढ्यानं! आख्ख्या मांडवानं वळून बघितलं.
त्यांना वाटलं,
मनात घेतलं."

वहीत असल्या गोष्टीला रकाना नाही.
मी लिहिलं: किनारीचं सूत, चालतं.
दारात हिरेमठांचा मुलगा केव्हाचा उभा होता,
डोक्याचा घेर चोवीस.
त्याला दिवे लागणारं हवंय.