डॉलरातले बारा आणे

माइतेना, बस. कॉफी मागव.
ही गानिशची खुर्ची, हिचा एक पाय आखूड आहे,
डाव्या अंगाला जरा रेलून बसावं लागतं.
तोही तसाच बसायचा.

हा कागद. ऐंशी घरं.
पूर्वी म्हणे इथे चिनी अक्षरं असत,
रेल्वेच्या रुळांवर राबणाऱ्यांनी सोबत आणलेली;
आमच्या विनेमकात पोचेस्तोवर त्यांचे आकडे झाले.
हा काळा खडू. आवडेल त्या घरावर फुली मार,
एक मार, चार मार, दहा मार,
डॉलर माझ्या हातात दे, मी शिक्का उठवते.
मग त्या काचेच्या हंड्यात वारा सुटतो,
ऐंशी चेंडू लाह्यांसारखे उडतात
आणि नळीच्या तोंडाशी वीस येऊन बसतात.
बस्स. शिकायला अंडं उकडण्याइतका वेळ.

हिशेब मात्र मला गानिशनं शिकवला,
सांता रोझाच्या डोंगरात चाळीस उन्हाळे मेंढ्या मोजलेल्या माणसानं.
म्हणाला, कोंडवाड्यात ऐंशी आहेत असं धर,
त्यातल्या चौघींच्या पाठीवर माझी लाल खूण.
फाटकातून वीसच बाहेर पडणार.
पहिली खुणेची त्यांत असेल? ऐंशीत वीस, म्हणजे चारात एक. ठीक.
दुसरी? आता एकोणऐंशीत एकोणीस.
तिसरीला अठ्ठ्याहत्तरांत अठरा,
चौथीला सत्त्याहत्तरांत सतरा.
दर मेंढीमागे फाटक बोटभर अरुंद होतं.
कागदी रुमालावर त्यानं चारांचा गुणाकार मांडला:
तीनशे सव्वीस खेळांत, सरासरीनं, एकदा.

आणि दहा आकडे धरले तर?
परवा एक ट्रकवाला विचारत होता.
एकोणनव्वद लाखांत एकदा, मी म्हटलं.
त्यानं तरी दहाच मारले.
बक्षिसाची रक्कम भिंतीवर लाल दिव्यांनी लिहिलेली असते,
एकोणनव्वद लाख कुठेच लिहिलेले नसतात.

सात, एकोणीस, सेहेचाळीस, बासष्ट.
का हेच, ते कधी सांगितलं नाही.
एकदा सकाळपासून एकोणीस आलाच नव्हता,
मी म्हटलं, आता येणारच बघ.
तर हसला.
चेंडूला कुठली आलीय सकाळ, म्हणाला,
मेंढी तरी वाट ओळखते.

तू विचारतेस, आजोबा जिंकायचे का.
हो. पुष्कळदा.
रोजचे दहा खेळ, वर्षाचे तीनेक हजार,
चारही लागले असे दिवस वर्षाला नऊ-दहा.
त्या रात्री तो सगळ्यांना पिकॉन पाजायचा
आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांना कंप सुटेल
असं बास्कमध्ये गायचा.

मग पैसे गेले कुठे?

हे बघ. डॉलर आत जातो, बारा आणे परत येतात.
दर खेपेला नाही. बहुतेकदा काहीच नाही,
कधी डॉलरला डॉलर, कधी चार,
कधी एकदम शंभरावर वीस,
पण बेरजेला बारा आणे.
जिंकलेलं गाजतं.
गेलेल्या चार आण्यांचा आवाज होत नाही.
दिवसाला अडीच, वर्षाला साडेसातशे,
आणि बावीस वर्षं.
रुमाल तिथे आहे, तूच कर.

साडेसोळा हजार. हो.
मी याच काउंटरवर पगार घेतला,
त्यात त्याचेही काही आहेत.

आणि हे त्याच्या कोटात सापडलेलं तिकीट,
मार्चमधलं. तीन लागलेत, बासष्टनं दगा दिला.
चार डॉलर झाले असते. मुदत टळली,
नियमानं मला देता येत नाहीत.
कॉफीचे मात्र घेणार नाही.

आता खेळायचंच असेल तर खेळ एक.
खडू घे. पण त्याचे आकडे नको,
तुझेही तितकेच वाईट आहेत.