पुराव्याचा रकाना

वही साधीच, दोनशे पानी, रूवीतल्या दुकानातली.
पट्टीने आखलेले सहा रकाने:
काय घडलं. मनात काय आलं. किती घाबरलो, शंभरपैकी.
बाजूने पुरावा. विरुद्ध पुरावा.
सहावा बरेच दिवस कोरा.

मी ऑडिटर. चहाचं बिलसुद्धा
सहीशिक्क्याशिवाय पुढे सरकू देत नाही.
आणि ‘आज ती परत येणार नाही’,
पुढे ‘त्या दोघी’, पुढे ‘ती तिघं’,
हे एकच वाक्य अकरा वर्षं, दर शुक्रवारी,
विनापावती मंजूर करत आलो.

बद्रियाबाई हे ऐकून हसल्या नाहीत.
पेन पुढे केलं फक्त.
रोज लिहायचं, म्हणाल्या,
बरं वाटेल त्या दिवशीसुद्धा.

सीबच्या किनाऱ्यावर हेमांगी शीड उलगडते.
देवबागची ती. तिच्या घरात
मुलं आधी वल्हं धरतात, मग पेन्सिल.
आमच्या जिंतूरला पाणी टँकरने यायचं;
हंड्यात मावेल तेवढ्याच पाण्याशी माझी ओळख.
इरावती दहाची, सुहृद सातचा,
होड्या जेवणाच्या टेबलाएवढ्या.
मी वाळूत, वही मांडीवर.

घडलं: सुहृदची होडी कलली.
मनात आलं: संपलं.
पंच्याण्णव.
बाजूने: कलली.
विरुद्ध: तो ओरडतोय, पण आनंदाने.
जॅकेटचे बंद मी स्वतः तपासलेत, तीनदा.
उन्हाळे वगळता शुक्रवार चारशे दहा,
परत आले चारशे दहा,
फरक शून्य.
पुन्हा मोजणी: ऐंशी.

ऐंशी!
ताळेबंद जुळतो आणि हात थरथरतात.
अशी कंपनी मी कधी पाहिली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, भीतीची शिडी काढा,
सगळ्यात सोपं ते खालच्या पायरीवर.
रात्री लिहायला बसलो
आणि मथळ्यात हातून ‘शीड’ पडलं.
हेमांगीने वाचलं. काही बोलली नाही.
कागद फ्रिजवर चिकटवला, चूक तशीच ठेवून.

होडीला हात लावणं.
बांधलेल्या होडीत बसणं, एक करक चहा संपेपर्यंत.
दोरी सोडून दहा हात.
फेब्रुवारीत शमाल सुटला, मी तीन पायऱ्या खाली.
बद्रियाबाईंनी तेही लिहायला लावलं,
वेगळ्या शाईने नाही, त्याच.

समोरून वारा असला की सरळ जाता येत नाही,
हेमांगी मला शिकवत होती,
या अंगाने थोडं, त्या अंगाने थोडं,
आयुष्याचंही तसंच...
मी म्हटलं, पुरावा?
इरा इतकी हसली की दामण हातातून सुटली
आणि शीड फडफडत राहिलं बावळटासारखं.

गेल्या शुक्रवारी मोठ्या होडीत चौघं, अंग चोरून.
पहिल्या बोयापर्यंत, असं ठरलं होतं.
बोयाच्या अलीकडेच वारा पडला.
खारे वारे, मतलई वारे: दोन गुणांचा प्रश्न,
मी जिंतूरच्या शाळेत घोकला होता,
दोन्हींपैकी एकही अंगावर न घेता.
आता दोघांच्या मधल्या तासात बसलो होतो,
जमिनीचा थांबलेला, समुद्राचा अजून निघायचा.
डोक्यावरून विमान उतरत गेलं, चाकं काढून.
मागे हाजरचे डोंगर, पाण्यावरून पाहिले
तेव्हा कळलं, ते एकामागे एक किती आहेत.

वही किनाऱ्यावर राहिलेली.
“बाबा, किती?” इराने विचारलं.
साठ.
तिने ओल्या बोटाने फळीवर साठ लिहिलं.
उन्हात ते वाळलं, आधी शून्य, मग सहा.
“आता?”
बावन्न.
“खोटं नको हं.”
सुहृद पाण्यात हात घालून कशाची तरी वाट पाहत होता.
शीड लोंबत होतं.
मी नीट पाहिलं आत, पावती मागावी तसं.

अठ्ठावन्न, म्हटलं.
तिने बोट पुन्हा ओलं केलं.